डोळ्यात उतरलेला सूर्य: 'सूल' या आयरिश शब्दाची उकल

माझ्या भाचीचा मुलगा सात वर्षांचा आहे. ते कुटुंब आयर्लंडमध्ये गॉलवेला राहतं. मध्ये एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यानं मला फ्रिजवर चिकटवलेलं चित्र दाखवलं. खडूनं काढलेला गोल चेहरा, आणि कान, नाक, दात, डोळा यांच्याकडे बाण काढून लिहिलेले शब्द. तिथल्या प्राथमिक शाळेत आयरिश सगळ्यांनाच शिकावी लागते, त्याचा हा गृहपाठ. डोळ्याच्या बाणाशी चार अक्षरं होती: एस, यू, आय, एल. यूवर एक तिरकी रेघ. मी वाचलं, "सुइल."

"नाही गं मावशीआजी, सूल! त्यातला आय बोलायचाच नाही."

मी बरीच वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. फोन ठेवला तरी तो शब्द डोक्यातून जाईना. सूल, सूर्य. सूल, सूर्य. शब्दकोश काढून बसले, आणि कळलं की कान खोटं बोलत नव्हता.

आपल्याकडे आयरिश शब्दांशी बहुतेकांची पहिली गाठ पडली 2017 साली. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी वडिलांकडून नातं असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि त्यांच्या पदाचं नाव, 'टीशख', कसं लिहायचं नि कसं म्हणायचं यावर सगळे अडखळले. आता तिथं मराठी घरं वाढली आहेत, आणि मुलं असे शब्द दप्तरातून घरी आणतात. आईवडिलांना ते परग्रहावरचे वाटतात. निदान एक शब्द तरी आपल्या ओळखीचा आहे, हे दाखवायला हा लेख.

आधी उच्चार

आयरिश म्हणजे आयर्लंडची इंग्रजी, असा पुष्कळांचा समज असतो. ती वेगळी भाषा आहे, केल्टिक गटातली. स्कॉटलंडची गेलिक ही तिची सख्खी बहीण. वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या चुलत बहिणी. इंग्रजीशी तिचं नातं आहे, पण ते फार लांबचं.

तिचं स्पेलिंग पाहून भीती वाटते, पण त्यात शिस्त आहे. 'चाक' आणि 'चार' हे शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. 'च' एकच लिहिला, पण जीभ दोन वेगळ्या जागी लागली. मराठीत कुठला 'च' कुठे हे लिहून दाखवत नाहीत, ऐकून कळतं. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाचे असे दोन उच्चार आहेत, एक जाड आणि एक मऊ, आणि कुठला घ्यायचा हे शेजारचा स्वर सांगतो. 'सूल'मधला आय हा असा खुणेचा स्वर: पुढचा 'ल' मऊ आहे, जीभ टाळूकडे न्या, 'ल्य'च्या वाटेवर थांबा. यूवरची तिरकी रेघ म्हणजे आपला दीर्घ ऊ. हीच अक्षरं थोडी हलवून आय आधी आणि यू नंतर लिहिला की शब्द होतो 'शूल', आणि त्याचा अर्थ चालणं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे ती सतत भेटेल. 'माझा डोळा' म्हणताना आयरिश माणूस 'मो सूल' म्हणत नाही, 'मो हूल' म्हणतो. आपल्याकडे प्रत्यय लागताना 'डोळा'चं 'डोळ्या' होतं, म्हणजे शब्द शेपटाकडून बदलतो. त्यांच्याकडे तो तोंडाकडूनही बदलतो. म्हणून 'हूल' दिसला तरी तो आपला 'सूल'च समजायचा.

डोळ्यात सूर्य आला कुठून?

संस्कृत, मराठी, फारसी, लॅटिन, आयरिश, लिथुआनियन अशा असंख्य भाषा एकाच फार जुन्या भाषेच्या लेकी-नाती आहेत. या कुटुंबाला भारोपीय म्हणतात. त्या मूळ भाषेत सूर्याला एक शब्द होता. तो जवळपास सगळ्या लेकींनी सांभाळला: संस्कृतात सूर्य, लॅटिनमध्ये सोल, लिथुआनियनमध्ये साउले.

केल्टिक घरातही तो आला. वेल्शमध्ये आजही सूर्याला 'हाइल' म्हणतात. 'स'चा 'ह' झाला म्हणून दचकायला नको. आपण सात दिवसांना कधी 'सप्ताह' म्हणतो, कधी 'हप्ता'. पहिला संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून, आणि फारसीत 'स'चा 'ह' होतो. वेल्शमध्येही शब्दाच्या सुरुवातीला बहुतेकदा तेच झालं.

आयर्लंडमध्ये मात्र वेगळंच घडलं. शब्द टिकला, 'स'ही टिकला, पण अर्थ आकाशातून कपाळाखाली उतरला. तिथं 'सूल' म्हणजे डोळा. सूर्यासाठी त्यांनी दुसरा शब्द घेतला, 'ग्रीअन'. त्याचं नातं अभ्यासक उष्णतेच्या धातूशी लावतात, ज्यातून संस्कृतात 'घर्म' झाला आणि आपल्याकडे त्याचाच 'घाम' झाला.

सूर्याचा डोळा व्हावा हे विचित्र वाटतं का? आपल्याला तरी वाटू नये. पुरुषसूक्तात 'चक्षोः सूर्यो अजायत' असं आहे: डोळ्यातून सूर्य जन्मला. ऋग्वेदात दुसऱ्या ठिकाणी सूर्य हा मित्र, वरुण आणि अग्नी यांचा डोळा आहे. जो सगळ्यांवरून जातो आणि सगळं पाहतो, तो डोळाच. आणि ही कल्पना भारोपीय कुटुंबापुरतीही नाही. मलय भाषेत सूर्याला 'मातहारी' म्हणतात, 'माता' म्हणजे डोळा आणि 'हारी' म्हणजे दिवस. दिवसाचा डोळा.

"पण हा निव्वळ योगायोग नसेल कशावरून?"

शंका रास्त आहे, आणि ती विचारलीच पाहिजे. ध्वनी जुळला की नातं जोडायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुठला ना कुठला परदेशी शब्द 'मूळचा संस्कृत' ठरतो. आयरिश 'शूल' म्हणजे चालणं आणि आपला 'पोटशूळ'मधला शूल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इंग्रजीत वाईटाला 'बॅड' म्हणतात आणि फारसीत 'बद', तरी ते नातेवाईक नाहीत. साधा योगायोग.

मग नातं ठरवायचं कसं? एका शब्दावर कधीच नाही. गावात दोन माणसांची नाकं सारखी असली म्हणून कोणी त्यांना भाऊ म्हणत नाही. पण घरातल्या दहा जणांत तेच नाक, तीच चालण्याची ढब दिसली, तर मग विचार करावा लागतो. भाषेत हे काम ध्वनींच्या जोड्या करतात, आणि त्या पुन्हा पुन्हा त्याच याव्या लागतात.

आयरिशमध्ये शंभराला 'केद' म्हणतात, संस्कृतात 'शत'. आठाला 'ओख्त', संस्कृतात 'अष्ट'. कानाला 'क्लूअस', आणि संस्कृतात ऐकण्याचा धातू 'श्रु', ज्यातून श्रवण, श्रोता. म्हणजे तिकडच्या कंठातल्या 'क'-'ख'समोर इकडे 'श'-'ष' येतो. 'क्लूअस'मध्ये आणखी एक जोडी दिसते: तिकडे 'ल', इकडे 'र'. संस्कृताला हे नवं नाही, तिथं अंगावरच्या केसाला 'रोम' आणि 'लोम' दोन्ही चालतात. आता सुरुवातीचा 'स'. आयरिशमध्ये सात म्हणजे 'शख्त', संस्कृतात 'सप्त'. जुनं म्हणजे 'शॅन', संस्कृतात 'सन', ज्यातून आपला 'सनातन' आला. 'स' जागच्या जागी राहतो, फक्त मऊ स्वरापुढे 'श' ऐकू येतो.

'स'समोर 'स' आणि 'ल'समोर 'र' या दोन जोड्या हातात घेऊन पुन्हा 'सूल' आणि 'सूर्य' पाहा. त्यात मध्ये उभा असलेला वेल्श साक्षीदार आहेच, ज्याच्याकडे शब्द तोच आणि अर्थ अजून सूर्यच.

आयरिश संस्कृतापासून निघाली, असा याचा अर्थ अजिबात होत नाही. दोघी एका आजीच्या नाती आहेत, कोणी कोणाची आई नाही. विल्यम जोन्सनं 1786 साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचा उगम एक असावा असं मांडलं, तेव्हा केल्टिकचं नाव त्यानं थोडं बिचकतच घेतलं होतं. ते नातं पक्कं व्हायला पुढं कितीतरी दशकं गेली.

मग 'अक्षि' कुठे गेलं?

चौकस वाचक विचारेल: संस्कृतात डोळ्याला 'अक्षि' आहे, मग आयरिशमध्ये त्याचं भावंड का नाही? याचं उत्तर शोधताना मला सगळ्यात आनंद झाला, कारण ते भावंड आहे, फक्त त्यानं जागा बदलली.

जुन्या आयरिशमध्ये चेहऱ्याला 'एनेख' म्हणत. त्याच्या पोटात तोच 'अक्षि'चा धातू आहे. संस्कृतात त्याचा जुळा भाऊ म्हणजे 'अनीक', म्हणजे चेहरा, पुढची बाजू; पुढे त्याचा अर्थ सैन्याची आघाडी असाही झाला. सूर्याला देवांचा डोळा म्हणणारी ती ऋचा 'चित्रं देवानामुदगादनीकं' अशीच सुरू होते: देवांचा तेजस्वी चेहरा उगवला आहे.

मध्ययुगीन आयरिश कायद्यात या 'एनेख'ला फार वजन होतं. प्रत्येक माणसाच्या पायरीनुसार त्याची एक किंमत ठरलेली असे, तिला 'लोग नेनेख' म्हणत, शब्दशः 'तोंडाचं मोल'. कोणी त्याचा अपमान केला, त्याला दुखापत केली, की भरपाईचा हिशेब तिच्यावरून व्हायचा. मराठीत हा शब्द समजावून सांगावाच लागत नाही. 'तोंड दाखवायला जागा उरली नाही' हे आपण रोज म्हणतो, आणि 'अब्रू' या फारसी शब्दाचा अर्थच 'चेहऱ्याचं पाणी' असा आहे.

डोळ्यासाठी जुन्या आयरिशमध्ये दुसराही एक शब्द होता, 'डेर्क'. तो तर आपल्या 'दृश्' धातूचा सख्खा नातेवाईक, म्हणजे दर्शन, दृश्य, दृष्टी यांचा. डोळा या अर्थानं तो मागे पडला, पण 'ड्यारका', म्हणजे दृष्टिकोन, आणि 'रायर्क', म्हणजे नजरेपुढचा देखावा, या शब्दांत आजही वावरतो.

आणि आपण तरी काय केलं? हिंदीनं 'अक्षि'ची 'आँख' करून ठेवली. मराठीनं तिला बाजूला सारून 'डोळा' घेतला, कोकणीनं 'दोळो'. अवयव तोच राहतो, पण घरातली माणसं त्याला हाक मारायचं नाव बदलतात.

डोळा आहे, म्हणजे आशा आहे

'ता सूल आगम.' आयरिश माणूस हे दिवसातून किती वेळा म्हणत असेल! 'ता' म्हणजे आहे, 'सूल' म्हणजे डोळा, 'आगम' म्हणजे माझ्यापाशी. माझ्यापाशी डोळा आहे. अर्थ: मला आशा आहे.

वाक्याची घडण पाहा. इंग्रजीत माणूस आशा 'करतो'. आयरिशमध्ये ती माणसापाशी असते, मराठीत 'मला' असते. भूकही तिथं माणूस 'बाळगत' नाही, ती त्याच्यावर असते. आपल्याला ती लागते. भाचीचा मुलगा घरी मराठी बोलतो म्हणून ही वाक्यं त्याला शाळेत चटकन जमली, असं त्याच्या आईचं मत आहे. मला ते पटतं.

वाट पाहणं म्हणजे 'अग सूल', डोळ्यापाशी असणं. बाळाची वाट पाहणाऱ्या बाईलाही हेच शब्द. त्यांच्याकडे एक म्हण आहे: 'सूल ले कूचुव अ व्हिलन अन क्यारवख', गेलेलं भरून निघेल या आशेनंच जुगारी बुडतो. आशेसाठी शब्द पुन्हा डोळाच.

इथं मात्र एक भेद नीट लक्षात ठेवायला हवा. 'सूल' आणि 'सूर्य' हे नातं वारशाचं आहे. 'सूल' म्हणजे आशा, आणि आपलं 'वाटेकडे डोळे लावणं', हे वारशानं आलेलं नाही. दोन्हीकडच्या माणसांनी कोणाची तरी वाट पाहिली, दारात उभं राहून लांबवर नजर लावली, आणि भाषेनं ते आपापलं टिपून ठेवलं. आपले 'अपेक्षा' आणि 'प्रतीक्षा' हे शब्द उलगडले तरी आत 'ईक्ष्' निघतो, म्हणजे पाहणं. अशी साम्यं जगभर सापडतात. ती सुंदर असतात, पण त्यांवरून नातं सिद्ध होत नाही.

एक डोळा म्हणजे अर्धा डोळा

आता माझा सगळ्यात आवडता शब्द: 'ल्याहूल'. 'ल्या' म्हणजे अर्धा. अर्धा डोळा म्हणजे अर्धवट मिटलेला डोळा असं वाटेल, पण याचा अर्थ 'एक डोळा'. एका डोळ्याचा माणूस हा 'अर्ध्या डोळ्याचा'. एक हात म्हणजे 'अर्धा हात', एक पाय म्हणजे 'अर्धा पाय'. जुळ्यांपैकी एकाला 'अर्धं जुळं' म्हणतात.

यामागचा हिशेब असा की डोळे दोन नाहीतच, डोळ्यांची जोडी ही एक वस्तू आहे. त्यातला एकच उरला तर तो निम्मा. आपण चपलेचा 'जोड' म्हणतो आणि बायकोला 'अर्धांगिनी' म्हणतो, तेव्हा हाच हिशेब करत असतो. जुन्या आयरिशमध्ये संस्कृतासारखं द्विवचनही होतं. संस्कृतचं द्विवचन शिकवताना मुलं दरवर्षी विचारायची, "बाई, दोनसाठी वेगळं कशाला?" तेव्हा 'ल्याहूल' मला माहीत असता तर मी फळ्यावर लिहिला असता.

वाईट डोळा

'द्रोख' म्हणजे वाईट, आणि 'द्रोखहूल' म्हणजे लागणारी नजर. आयर्लंडच्या खेड्यांत बाळाचं किंवा गाईचं कौतुक करताना 'बॅल ओ यीअ', देवाची कृपा असो, हे जोडल्याशिवाय वाक्य पुरं करत नसत. नाहीतर बोलणाऱ्याची नजर लागली असं मानत. आपल्याकडे गालावर काळी तीट लावतात, मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात. आपला 'दृष्ट लागणे'मधला 'दृष्ट' आणि त्यांचा जुना 'डेर्क' मुळात एकाच धातूचे, हेही इथं आठवावं.

या वाईट डोळ्याचा मोठा धनी म्हणजे बालर, जुन्या आयरिश कथांमधला राक्षसी राजा. त्याचा डोळा फक्त रणांगणावर उघडायचा आणि पापणी उचलायला चार माणसं लागायची. ज्या सैन्यावर नजर पडेल ते हतबल व्हायचं. त्याचाच नातू लू यानं गोफणीचा दगड असा मारला की तो डोळा डोक्याच्या मागल्या बाजूनं बाहेर पडून बालरच्याच सैन्याकडे वळला. स्लायगो परगण्यात 'लॉख ना सूल' नावाचं तळं आहे, डोळ्याचं तळं. बालरचा डोळा पडून तिथं खड्डा झाला, असं लोक सांगतात.

या कथेची जुनी संहिता 1891 साली छापून प्रसिद्ध केली व्हिटली स्टोक्स यांनी, आणि या माणसाचा आपल्याशी खरा संबंध आहे. डब्लिनचे स्टोक्स 1862 ते 1882 हिंदुस्थानात कायद्याच्या नोकरीत होते, शेवटची पाच वर्षं व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य. दिवसा ते इथल्या दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेच्या संहिता तयार करायचे. जुन्या आयरिश पोथ्यांचा अभ्यासही याच काळात चालू होता. त्यांनी संपादित केलेला जुना आयरिश शब्दसंग्रह 1868 साली छापला गेला तोही कलकत्त्यात.

"एवढ्याशा भाषेतला एक शब्द, आपल्याला काय त्याचं?"

हा प्रश्न मला घरातच विचारला गेला. 2022 च्या जनगणनेत आयरिश येते म्हणणारे सुमारे 18 लाख 74 हजार होते. शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे फक्त 72 हजारांच्या आसपास. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. तरी त्याच वर्षी 1 जानेवारीपासून ती युरोपीय संघाची पूर्ण कामकाजाची भाषा झाली, आणि 1996 पासून तिची स्वतःची दूरचित्रवाहिनी आहे. तिचं ब्रीद आहे 'सूल एल्य', दुसरा डोळा.

भाषा लहान असली तरी शब्दाचा संसार लहान नसतो. पुलाच्या कमानीला आयरिशमध्ये पुलाचा 'सूल' म्हणतात. 'सूलीन', म्हणजे डोळुला, हा पाण्यातला बुडबुडा. रश्श्यावर तरंगणारा तुपाचा थेंबही तोच. नुसतं चेहऱ्यानं ओळखत असलो तर ती 'आह्न्य हूल', डोळ्याची ओळख. आपण तिला तोंडओळख म्हणतो. बुबुळातल्या काळ्या ठिपक्याच्या नावात त्यांच्याकडे 'मॅक' येतो, म्हणजे मुलगा. आपल्याकडे तिथं बाहुली बसली आहे.

आणि बटाट्याचा डोळा, तोही 'सूल'. बेण्यासाठी बटाटा कापताना प्रत्येक फोडीवर निदान एक डोळा ठेवायचा. अशा फोडीला 'श्क्युलान' म्हणतात. 17 मार्चच्या सुमाराला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, बटाटे लावायचा तिथं जुना रिवाज. यंदा भाचीनं बाल्कनीतल्या बादलीत चार फोडी लावल्या. पोरगा कॅमेऱ्यासमोर एकेक फोड धरून डोळे मोजत होता. मी त्याला सांगितलं, आपल्या साताऱ्याच्या शेतात उसाची लागण होते, तेव्हा एक डोळ्याची टिपरी असली की बायका तो डोळा वर करून सरीत ठेवतात.

"त्यालाही डोळाच म्हणतात?"

"डोळाच."

त्यानं फोड उलटी धरली होती. ती सुलटी केली, डोळा वर आणला, आणि मातीत दाबली.